जाड आवाज आधी जातो

मी आता बहिरी आहे. डावा कान पूर्ण गेला, उजवा असून नसल्यासारखा. कोणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही. लिहिते ते एवढ्यासाठी, की माझा आजार आमच्या घरात बरेच महिने कोणाला आजार वाटलाच नाही. अशक्तपणा वाटला, देवीचं वाटलं, आणि शेवटी रुसवा वाटला. रुसव्याला गोळी नसते. त्यात जे दिवस गेले ते परत आले नाहीत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर वाचा, नसेल तर राहू द्या.

मी चौथी शिकलेली बाई. अक्षर मोठं येतं आणि जोडाक्षरं चुकतात. ती सुनेनं दुरुस्त केली. बाकी सगळं माझं आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाखाली धानाची शेती. घरात मी, माझा नवरा, मुलगा दिलीप, सून वंदना आणि एक नात. नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाही, इथंही घेणार नाही. बुढा म्हणते. त्याच्या तोंडावर 'अजी' म्हणायची.

म्हैस

आजाराच्या आधी म्हशीचं सांगावं लागेल, कारण सगळा घोळ तिथून झाला.

आमच्या गोठ्यात एक म्हैस होती. मी तिला पारडीपासून वाढवली होती. माझे गुडघे गेले होते, शेणाची पाटी उचलताना तोंडातून आवाज निघायचा, पण ते माझे गुडघे होते. त्या उन्हाळ्यात मी देवरीला भावाकडे, त्याच्या सासूच्या तेरवीला गेले. परत आले तर गोठा रिकामा, आणि खुंटीला नुसतं दावं लटकलेलं.

"म्हैस कुठी हाय?"

"देल्ली," बुढा म्हणाला. "तुया गुडघ्यानं ते होत नोयता."

"मले इचारलं?"

"इचारलो असतो त तू देऊ देल्ली असती का?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "आता मले बोलूच नोका." आणि दाव्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे काऊन ठेवलं मग? हेबी द्याचं होतं."

"दावं कोणी देते का?" तो म्हणाला.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं घेणाऱ्याला देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आपलं दावं घरच्या खुंटीला राहतं, नाहीतर जनावराच्या मागं घरची लक्ष्मी जाते म्हणतात. मला ते ठाऊक होतं. रागात माणूस काहीही बोलतो.

माझा राग दोन-चार दिवसांत उतरला. माझा कोणताही राग त्याहून जास्त टिकत नाही, मला कामं असतात. पण 'बोलू नोका' म्हटलेलं त्याच्या कानात राहिलं. आणि माझ्या कानात दुसरंच सुरू झालं.

बांधावर

रोवणीचे दिवस होते. बांधीत बाया रोपं लावायला वाकलेल्या, मी त्यांची शिदोरी घेऊन बांधाच्या धुऱ्यावरून चालले होते. आधी डावा कान दडपला. तलावात बुडी मारली की कानात कसं पाणी दाबतं, तसं. मग आतून घरघर सुरू झाली. आमच्या भागात जन्म गेला की धानाच्या गिरणीचा आवाज ओळखता येतो. तोच आवाज होता. मी वळून बघितलं, गिरणी कुठं चालू आहे. वळले आणि सगळं फिरलं.

चक्कर म्हणजे डोकं हलकं होतं, डोळ्यासमोर अंधार येतो, ते मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. डोळे उघडे, उजेड लख्ख, आणि आभाळ एका बाजूनं वर येऊन दुसऱ्या बाजूनं खाली जात होतं. शिदोरी चिखलात गेली, मीही गेले. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, एक पेंढी हाताला लागली ती मी गच्च धरली, जसं काही तीच मला धरून ठेवणार होती. डोळे मिटले तरी फिरणं थांबत नव्हतं.

बाया धावल्या. माझं डोकं डोलत होतं, डोळे पांढरे होत होते. एक म्हणाली, "अवो, बुढीच्या अंगात आली!" कोणीतरी कनवटीची कुंकवाची पुडी काढली, चिखलातच माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडून विचारलं, "माय, का पायजे तुले?"

मी त्यांच्या पायांवर उलटी केली.

नंतर त्या सगळ्या हसल्या. मीही हसले. आता आठवलं की हसू येत नाही, कारण गावातल्या डॉक्टरनंही याहून शहाणं काही केलं नाही. अशक्तपणा आहे म्हणाला आणि सलाईन लावली. घरी बुढ्यानं मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं. पुढं जेव्हा जेव्हा फिरायचं, तेव्हा तेव्हा मला मीठ-साखरेचं पाणी पाजायचे. जेवण जात नाही म्हणून पेजेत वरून मीठ घालायचे, तोंडाला चव यावी म्हणून सुकी मासोळी भाजून द्यायचे. या आजारात मीठ वैरी असतं हे आम्हाला खूप उशिरा कळलं. वैऱ्याला आम्ही रोज ताटात वाढत होतो, तेही मायेनं.

खाकर

आता मुख्य गोष्ट.

आमच्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासरा होता, दीर होते. पुरुष अंगणात आला की फाटकाशीच खाकरायचा. म्हणजे बायांनी डोक्यावर पदर घ्यावा, बाजूला व्हावं. माझ्या नवऱ्याची खाकर मी पहिल्या महिन्यातच वेगळी ओळखायला शिकले. पुढं सासरा गेला, दीर वेगळे झाले, पदराचं कारण उरलं नाही, पण खाकर राहिली. तीच त्याची हाक झाली. पाणी पाहिजे असलं की आखूड. जेवायला वाढ म्हणून लांब. कोणी पाहुणा बरोबर असला तर दोनदा. आणि एक खाकर अशी होती की जिला काही कामच नव्हतं. मी आत काय करते, आहे की नाही, एवढ्यासाठीच. तिला मी आतून "हो" म्हणायची. संपलं.

बाहेरच्या माणसाला हे बोलणं वाटणार नाही. आमचं जन्माचं बोलणं एवढंच होतं आणि आम्हाला कमी पडलं नाही.

रोवणीनंतर खाकर येईनाशी झाली. मला वाटलं, बुढा माझ्यावर रुसला. 'बोलू नोका' म्हटलं ना, तर हा खरंच बोलेना. मी म्हटलं, ठीक आहे, मीपण शेतकऱ्याच्या घरची आहे, बघू किती दिवस ताणतो. मी ताट वाढून त्याच्यासमोर ठेवायची, तो मान खाली घालून जेवायचा. पाणी मागत नव्हता, स्वतः उठून माठातून घ्यायचा. त्याचं स्वतः उठणं बघून मला आणखी राग यायचा.

तो तिकडं रोज खाकरत होता. छपरीत, पुढच्या ओसरीत बसून खाकरायचा, वाट बघायचा, मी येत नाही म्हणून उठायचा. त्याला वाटत होतं, मी अजून म्हशीवरून धुमसते.

दोघांनी सबंध हंगाम असा काढला. धान फुटला, भरला, पिवळा झाला. एका छपराखाली दोन माणसं एकमेकांच्या रागाची वाट बघत बसली, आणि राग दोघांकडेही नव्हता.

मला बहिरी कोणी म्हटलं नाही, कारण मी बहिरी दिसत नव्हते. वंदनाचा आवाज बारीक आहे, तो मला येत होता. तिच्या बांगड्या, नातीचं रडणं, कपबशी, सकाळची पाखरं, सगळं येत होतं. वंदनाच एकदा बोलली, "आत्याबाईले चाहाच्या कपाचा आवाज येते, मायावाला येते, एक मामाजीचाच येत नाई." दिलीप काही म्हणाला ते मला नीट कळलं नाही. त्याचंही अर्धंच कळायचं. पण तो मोबाइलमध्ये बघत बोलतो, मला वाटायचं तोंडातल्या तोंडात बोलतो. तो काय म्हणाला ते वंदनानं नंतर सांगितलं. 'सोयीचा बहिरेपणा हाय' म्हणाला होता.

रेंज

ओळखलं वंदनानंच. देवरीहून भावाचा फोन आला. मी डाव्या कानाला लावला. काहीच नाही. मी म्हटलं, "रेंज नाई." फोन या हातातून त्या हातात घेतला, उजव्या कानाशी आला, तर भाऊ विहिरीच्या तळातून बोलावा तसा बोलत होता. मी म्हटलं, "आता आली थोडीशी."

वंदना भात वेळत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. "आत्याबाई, पुन्हा डाव्या कानाले लावा त." लावला. "रेंज गेली?" गेली. "आता उजव्या." आली.

ती म्हणाली, "फोनची रेंज कान बदलल्यानं येते का कधी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेनं गोंदियाला निघालो. मी, वंदना आणि बुढा. त्याला कोणी चल म्हटलं नव्हतं. धोतर बदलून तो स्टेशनवर आमच्या आधी उभा होता. गाडीत तो समोरच्या बाकावर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

गोंदियाचा दिवस

कानाची डॉक्टर बाई होती. बरं झालं, तिचं बोलणं मला कळलं. तिनं मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर टोपल्या लावल्या, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. मी बसले. आवाज येईना. काचेपलीकडची पोरगी माझ्याकडे बघत होती, तिच्या बोटांवरून कळत होतं की ती काहीतरी वाजवते आहे. मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. नंतर एकदम पाखराच्या पिल्लासारखं चिंव झालं. मी दाबलं. मग पुन्हा पुन्हा दाबलं. बारीक आवाज येत होते.

बाहेर आल्यावर डॉक्टर बाईनं गोंदियाच्या हिंदीत सांगितलं. वंदना मध्ये मध्ये मराठी करत होती. कानाच्या अगदी आत पाणी असतं, सगळ्यांच्याच असतं. माझ्या कानात ते जास्त होतं आणि दाबतं. त्यानं फिरतं, त्यानंच गिरणी वाजते, त्यानंच ऐकणं जातं. डावा कान जास्त, उजव्यातही सुरुवात झाली होती.

"ठीक हो जाएगा?" वंदनानं विचारलं.

"चक्कर कम कर सकते हैं. जो सुनना गया, वो वापस आएगा ऐसा मैं नहीं बोलूँगी."

मला ती बाई आवडली. ती खोटं बोलली नाही.

मग तिनं विचारलं, "अम्मा, घर में किसकी आवाज़ नहीं आती?"

मी म्हटलं, "सगळ्याईचा येते. सुनेचा येते, नातीचा येते."

ती म्हणाली, "पतली आवाज़ आएगी. इस बीमारी में पहले भारी आवाज़ जाती है. आदमी लोगों की."

वंदना माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या डाव्या बाजूला, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मी वळले. भिंतीशी बाकावर बुढा बसला होता. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. छाती हलली. तो खाकरला. मी बघितलं की तो खाकरला.

मला काहीच ऐकू आलं नाही.

"तुमी खाकरून रायले?" मी विचारलं.

तो उठून माझ्या उजव्या बाजूला आला, वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "रोज खाकरतो."

"रोज?"

"रोवनीपासून. मले वाटला, तू म्हशीवरून..." डॉक्टर बाई कागदावर औषधं लिहीत होती. मी म्हटलं, "म्हशीचं कवाच झालं होतं. मले वाटला तुमीच..." गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

आजार कळला तो दिवस असा होता. लोक विचारतात, भीती वाटली का. त्या दिवशी भीती नाही वाटली. फुकट गेलेल्या हंगामाचं वाईट वाटलं.

परत येताना तो गाडीत माझ्या उजव्या बाजूला बसला.

अळणी

मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासोळी बंद. चहा नावाला. ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगते, मीठ सोडणं औषधापेक्षा कठीण आहे. अळणी लाखोरीची डाळ तोंडात माती घेतल्यासारखी लागते. मी दोन घास खाऊन ताट सारायची.

एका दुपारी वंदना कपाळाला हात लावून सांगू लागली, "मामाजीबी अळणीच वाढ म्हणतात. त्याईले काऊन अळणी पायजे?" मी त्याच्याकडे बघितलं. तो मुकाट्यानं जेवत होता, चेहरा असा की सगळं ठीक आहे. मी म्हटलं, "तुमच्या कानाले का झाला?" त्यानं हातानं 'जेव' असं केलं. त्याच्यासमोर ताट सारून उठायची मला लाज वाटू लागली. मी जेवू लागले.

वॉर्ड

धान घरी आल्यावर एक झटका असा आला की फिरणं थांबेचना. गोंदियाला दवाखान्यात भरती केलं. वॉर्डाचं सांगण्यासारखं थोडंच आहे. सकाळी फरशी पुसायचे, त्या ओल्या फरशीची चमक डोळ्यांत गेली की पुन्हा फिरायचं. नर्स सुई घेऊन यायची. चहा यायचा, तो मला नसायचा. मी खाटेचा दांडा धरून पडायची. हात सोडला तर खाली पडेन असं वाटायचं, खाट जमिनीवरच आहे हे माहीत असूनही. कानात पडद्यातून सुई दिली तेव्हा दुखलं, पण त्यानं पुढं फिरणं कमी झालं.

एक आया होती. उलटी झाली की ती काही न बोलता आपला तळवा माझ्या डोक्याच्या मागं सपाट लावायची, आणि फिरणं थांबेपर्यंत काढायची नाही. देवाचं नाव घेणारे पुष्कळ भेटले. तिच्या तळव्यानं मला जास्त आधार दिला.

तिथंच एकदा वंदना दरवाज्याशी दिलीपला म्हणाली, "मी एकटी दोन-दोन बुढ्याईचं कितीक करू? मले का दहा हात हायेत?" तिला वाटलं मला येत नाही. पण तिचा आवाज बारीक, मला सगळा आला. मी डोळे मिटून पडून राहिले. ती खोटं बोलत नव्हती. घरी गेल्यावर मी तिला म्हटलं, "तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, पोरीची वेणी माह्याकडे दे. बसून होते तेवढं मी करते." तिनं चमकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आजारी माणसानं हे लक्षात ठेवावं. घरचे थकतात. थकले म्हणजे वाईट झाले असं नाही.

घुंगरू

दवाखान्यातून आल्यावर बुढ्यानं माळ्यावरून बैलांची घुंगरमाळ काढली. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडे बैल नव्हते, माळ पोळ्याच्या आठवणीपुरती उरली होती. त्यानं ती चिंचेनं घासली आणि छपरीत आपल्या खाटेच्या खांबाला बांधली. मी आत होते. छुन्न झालं. बारीक, स्वच्छ. मी बाहेर आले.

"आला?" त्यानं हातानंच विचारलं.

मी म्हटलं, "आला."

वंदना हसत म्हणाली, "मामाजीनं आत्याबाईले बैल करून टाकलं."

"म्हैस देल्ली ना," मी म्हटलं, "जागा खाली होती."

ते दिवस चांगले होते. आखूड वाजवलं की पाणी. लांब वाजवलं की जेवण. आणि काही काम नसताना एकदाच, हळू. त्याला मी आतून "हो" म्हणायची. माझा "हो" फार मोठा व्हायचा म्हणे, गल्लीत ऐकू जायचा. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

पण हा आजार थांबत नाही. जाड आवाज गेले, मग मधले, मग वरचे. वंदनाच्या बांगड्या गेल्या. पाखरं कधी गेली ते कळलंच नाही, एक दिवस लक्षात आलं की सकाळ मुकी आहे. ऐकायचं मशीन घेतलं. त्यातून सगळंच फाटक्या पत्र्यासारखं वाजायचं, कोण बोलतं ते कळायचं नाही. काहींना त्याचा फायदा होतो, तुम्ही डॉक्टरला विचारून जरूर लावून बघा. माझं डब्यात आहे.

मग नातीची पाटी माझी झाली. वंदना खडूनं लिहायची, मी वाचायची. चौथीपर्यंतची शाळा म्हातारपणी कामाला आली.

बुढा घुंगरू जोरात वाजवू लागला. मग उभा राहून दोन्ही हातांनी. एकदा मी अंगणात तांदूळ निवडत होते, सहज वर बघितलं तर तो घामानं भिजला होता, माळ हलवत होता, आणि घुंगरं नुसती नाचत होती. आवाज नव्हता. माझी गिरणी तेवढी चालू होती. ती गिरणी कधी बंद पडत नाही. बहिऱ्याला शांतता मिळते असं ज्याला वाटतं त्यानं माझा कान एक दिवस घ्यावा.

त्यानं माझ्याकडे बघितलं, माळ सोडली आणि खाटेवर बसला. त्याचा चेहरा मला पाहवला नाही. त्याची छातीही तेव्हापासून बिघडत चालली होती. दम लागायचा, पाय सुजायचे. दिलीप त्याला गोंदियाला नेऊन आणायचा. गोळ्या वाढत होत्या आणि माणूस कमी होत होता.

दावं

पुढं तो उठेनासा झाला. खाट छपरीतच ठेवली, त्याला अंगण दिसायला हवं होतं. मी जवळ बसायची, पण बसून घर चालत नाही. पाठ फिरवली की त्यानं बोलावलेलं मला कळायचा मार्ग नव्हता. मी घडीघडी वळून बघायची. वळलं की फिरायचं.

एक दिवस त्यानं दिलीपला गोठ्यात पाठवलं. दिलीप दावं घेऊन आला. म्हशीचं. त्याला एक दोरी जोडली, एक टोक बुढ्याच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं तो माझ्याकडे घेऊन आला.

मी म्हटलं, "वा! म्हैस विकली आन दावं मले?"

बुढा हसला. हसता हसता खोकला आला. मी तो खोकला बघितला.

ते माझ्या मनगटाला बांधलं. मी अंगणात बसून कामं करायची, दावं आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर पडलेलं. येणारे-जाणारे बघायचे. एका बाईनं मला हातवाऱ्यांनी विचारलं, काऊन बांधलं? मी सांगितलं, "पळून जाईन म्हणून." हिसका आला की मी उठायची. पाणी, कूस बदलणं, घाम पुसणं. आणि कधी अगदी हलका हिसका यायचा, ज्याला काही काम नसायचं. मी जागेवरूनच "हो" म्हणायची. तो मला ऐकू यायचा नाही, पण त्याला ऐकू जात होता.

मी ऐकत नव्हते, तो धड बोलू शकत नव्हता, आणि आमचं पहिल्यासारखं बोलणं पुन्हा सुरू होतं.

एका सकाळी ऊन छपरीत आलं होतं. हिसका आला. मी गेले. पाण्याची वाटी दाखवली, त्यानं मान हलवली. कूस बदलू का विचारलं, पुन्हा मानेनंच नाही केलं. त्याचे ओठ हलत होते. मला ओठ वाचता येत नाहीत, ते शहाण्यांचं काम आहे. मी वंदनाला हाक मारली. ती आली, वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तशीच होती. मग तिनं पाटी घेतली. लिहिताना तिचा खडू मोडला.

पाटीवर होतं, 'मामाजी विचारतात, राग गेला काय?'

मी म्हटलं, "म्हशीचा नाई गेला."

सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. तो हसला. डोळे मिटले, आणि दाव्यावरचा हात तसाच ठेवून झोपला.

तो त्याच आठवड्यात गेला. मी शेजारीच होते. दावं हललं नाही. बायांची उघडी तोंडं बघून कळलं की घरात रडणं सुरू झालं आहे. मी मोठ्यानं रडले की हळू, ते मला माहीत नाही. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझं आता असं आहे. फिरणं कमी झालं आहे, वर्षात एखाद-दोन वेळा येतं. अळणी जेवते, सवय झाली. चालताना भिंत धरते. एक गोष्ट सांगून संपवते. घरातलं म्हातारं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर आधी त्याला खांद्याला हात लावून विचारा, ऐकू येतं का. दोन्ही कानांना वेगवेगळं विचारा. बाईचा आवाज येतो म्हणून पुरुषाचाही येत असेल असं धरू नका. रुसवा आहे की काय, ते नंतर बघा. त्याला वेळ पुष्कळ असतो. कानाला नसतो.

परवा वंदना गोठा साफ करत होती. दिलीप तिथं मोटरसायकल ठेवणार आहे. बुढा गेल्यावर मी खुंटीला परत अडकवलेलं दावं तिनं काढून आणलं आणि पाटीवर लिहिलं, 'हे टाकू का?'

मी तिच्या हातातून घेतलं आणि जागच्या जागी लटकवून आले. जनावर गेलं तरी दावं देत नाहीत.